भिंतीपासून दोन बोटं

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका आईची आहे, आणि तिच्या लेकाच्या डोळ्यांची.

लेक फरशीवाला. लाद्या बसवायच्या, न्हाणीघराला ढाळ द्यायचा, म्हणजे सांडलेलं पाणी निमूट मोरीकडे जाईल इतकी जमीन उतरती ठेवायची, हे त्याचं काम. पिशवीत पाणसळ होती, जमिनीची सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, पण ती क्वचितच बाहेर निघे. हा गुडघ्यावर बसायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "तो कोपरा सूतभर उचल." मग पाणसळ ठेवून बघावी, तर बुडबुडा बरोब्बर मधोमध! "याच्या नजरेपुढे पाणसळ पाणी भरते," असं गवंडी म्हणत. देवाची देणगी, दुसरं काय! पण देणगी सांभाळायला दिलेली असते, मिरवायला नाही, हे माणूस विसरतो.

घर दोन खोल्यांचं, वस्तीच्या टोकाला. आई अंथरुणाला खिळलेली, एक अंग लुळं. खाट बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून. भिंतीत वर खिळा, खिळ्याला लांब दोऱ्याची जपाची माळ, पडल्यापडल्या हाताला लागेल अशी. दिवसभर तिच्यासमोर दोनच गोष्टी, भिंत आणि माळ. घराच्या दुसऱ्या अंगाला कुणी बांधकामासाठी खोल खड्डा खणून तसाच टाकला होता. वर्षभर त्यात पाणी साचून होतं.

एक दिवस आई म्हणाली, "अरे, ही भिंत माझ्या अंगावर येतेय."

तो जेवत होता. रोज खाटेशेजारी तिथेच बसे, आई डाव्या हाताला. एक घास तिला, एक आपल्याला. त्याने मान वर करून पाहिलं. "काही नाही गं. सरळ आहे."

"माळ बघ ना. पूर्वी मणी भिंतीला टेकायचे. आता मध्ये दोन बोटं जातात."

"देव तुमच्याकडे सरकतोय, आई," सून हसत म्हणाली. "चांगलंच आहे की!"

"येऊ दे बाई, पण भिंत घेऊन नको." म्हातारीही हसली. मग लेकाला म्हणाली, "तुझा तो ओळंबा लावून तरी बघ."

"ओळंबा? माझ्याच घरात? गवंड्यांना कळलं तर तोंडात शेण घालतील माझ्या!"

तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच भिंत सरळ दिसत होती. जमीन रोज केसभर त्या खड्ड्याकडे खचत होती आणि त्याची नजर रोज केसभर तिच्यासोबत जात होती. जिथे आपण उठतो-बसतो, तिथल्यालाच डोळा सरळ म्हणायला लागतो.

दुसऱ्या दिवसापासून आई बदलली. पाच वर्षांची नात दुपारी आजीच्या कुशीत झोपायची. आजी तिच्यावर खेकसली, "ऊठ इथून! लाथा मारतेस नुसत्या. माझ्या खाटेजवळ फिरकायचं नाही!"

पोर हमसून हमसून रडली. सून पुटपुटली, "म्हातारपण कडू होतं ते असं." लेकाचंही डोकं फिरलं. "आई, पोरीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"तिला आत झोपव," एवढंच म्हणून आईने डोळे मिटले. पोर आतल्या खोलीत झोपायला लागली. आजीशी बोलेनाशी झाली. फुगलेल्या तोंडानेच पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि पळायची.

महिन्याभराने मुकादमाने फरशीवाल्याला बोलावलं. दवाखान्यातली तीन न्हाणीघरं त्यानेच केली होती. तिन्हीत पाणी तुंबलेलं.

"आणि गंमत बघ," मुकादम म्हणाला, "तिन्ही ठिकाणी आत शिरलं की उजव्या हाताला."

"तुमची पाणसळ बिघडली असेल."

मुकादमाने पाणसळ ठेवली, मग टोकं उलटसुलट करून पुन्हा ठेवली. बुडबुडा त्याच बाजूला. "आता पाण्यालाही चूक म्हणणार का, साहेब?"

फरशीवाला गुडघ्यावर बसला. एक डोळा मिटला. जमीन सपाट. अगदी सपाट. आणि समोर उजव्या कोपऱ्यात पाणी उभं.

मग त्याच्या मनात आलं, आपण रोज कुठे बसतो? आई डाव्या हाताला, भिंत तिच्यापलीकडे. उजवीकडे... उजवीकडे खड्डा. घरच तिकडे कललेलं, आणि आपली नजरही. आणि माळ. वर खिळा, मध्ये दोरा, खाली मण्यांचं वजन, म्हणजे ओळंबाच. जन्मभर जे हत्यार हातात धरलं, तेच आईने त्याच्यासमोर टांगलेलं दाखवलं होतं, आणि त्याला त्यात फक्त माळ दिसली होती.

तो पळाला. भर दुपारी, हातात थापी तशीच.

गल्लीच्या तोंडाशीच धूळ होती. बायको पोरीला कडेवर घेऊन उभी. दोघी पांढऱ्याफटक. मधली भिंत उभी होती. बाहेरची खाटेवर कोसळलेली.

"पोरगी आत होती," बायको म्हणाली. "आत झोपली होती. आईंनीच तिला आत..." तोंडावर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. दोघांनाही एकाच क्षणी कळलं, म्हातारी कडू कशासाठी झाली होती.

विटा त्याने स्वतःच्या हातांनी उचलल्या. कुणाला हात लावू दिला नाही. माळ सापडली, चार मणी कमी.

आता तो एकेका लादीवर पाणसळ ठेवतो. "काय हो, नजर उतरली का?" म्हणून पोरंसोरं टोमणे मारतात. तो मान हलवतो. भाड्याच्या खोलीत ती माळ खिळ्याला आहे. कामाला निघताना तो मणी आणि भिंत यांच्यामध्ये बोट घालून बघतो, आणि मगच झोपलेल्या लेकीला ठेवून बाहेर पडतो. पोरगी अजून विचारते, "आजी माझ्यावर का रागावली होती?" त्याला अजून सांगता आलेलं नाही.

त्या माउलीचं नाव मला माहीत नाही, देवाला आहे. आज दिवा मालवताना तुम्ही तिची एकदा आठवण काढा. एवढंच मागतो.