आवाज आधी, ओठ नंतर

“बोली माजी, नि वाटा तुज्या विहिनीला? वा गो रंभा!” सखूबाईने पापलेटची पाटी पायाने सरकवली आणि करंजाच्या धक्क्यावरचा लिलाव थांबला.

रंभाचं बोट अजून गंगाबाईकडेच होतं. गंगाबाई म्हणजे तिची विहीण, सून किशोरीची आई. रंभाची हयात गेली इथे लिलाव पुकारण्यात. चौघी एकदम ओरडल्या तरी ती बोट करील तिचा माल; कोणी ब्र काढत नसे. देवाच्या कौलासारखा मान होता हो त्या बोटाला! आणि आज तेच बोट चोर ठरलं.

“मी बगितला ना, गंगाचाच तोंड हलत व्हता!”

“तोंड तिचा असंल. आवाज माजा व्हता!”

आठवडाभरात असं पुन्हा झालं. मग मुलगा प्रितेश तिला पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

“मावशी, मेंदूला बारीकसा झटका येऊन गेलाय,” डॉक्टर म्हणाले. “कानांची खबर आणि डोळ्यांची खबर वेगवेगळी येते, मेंदू त्यांची गाठ मारतो. तुमची गाठ सुटलीय. आवाज आधी कळतो, ओठ मागाहून हलताना दिसतात.”

“म्हंजे सखू ओरडली, तवा मना गंगाचा मगाचा तोंड दिसत व्हता?”

“हो. पापणी लवण्याइतकाच फरक.”

“बरा व्हईल?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

पनवेलहून ती घरी गेलीच नाही, तडक सखूच्या दारात. दोघी एका वर्षी लग्न होऊन करंजात आलेल्या, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. रंभाने सगळं सांगितलं. सखूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “डॉक्टरकडना बरा बहाना आनलास गो.” रंभाचं काळीज तिथेच तुटलं. लबाडी केली असती तर पाय तरी धरले असते. न केलेल्या लबाडीची माफी कशी मागायची?

आता किशोरी पुकारते. रंभा बाजूला पालथ्या टोपलीवर डोळे मिटून बसते. डोळे मिटले की सगळे आवाज जागच्या जागी येतात.

परवा सुरमईच्या वाट्याला सखू आणि दुसरी एक कोळीण, रमा, एकदमच ओरडल्या. किशोरी गडबडली.

“आये, पयली बोली कोनाची?”

रंभाला स्पष्ट कळलं होतं. सखूची. इतकं लख्ख तिला कित्येक दिवसांत कळलं नव्हतं. तिचं बोट आपसूक उचललं गेलं.

“तिला नको इचारू,” सखूबाई म्हणाली.

किशोरी घुटमळली आणि वाटा रमाला दिला. रंभाने ते बोट पदरात गुंडाळलं. डोळे तिने उघडले नाहीत.