जाताना ठेवून जा

हातमोजा पुन्हा फाटला. प्रभुलिंगनं तो बोटांवरून ओढून काढला आणि बादलीत भिरकावला.

"सिस्टर, हा सहा नंबर आहे. माझा हात बघा जरा. साडेसात द्या की."

"साडेसात असते तर मी काय लोणच्यात घालून ठेवले असते का, सर?" महेश्वरी सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या खेपेला सगळे मोठे आले, ते आमच्या हातातनं गळून पडत होते. आता सगळे लहान आलेत. घाला की कसं तरी."

डॉक्टर प्रभुलिंग हा सोलापूरच्या एका सरकारी दवाखान्यात मेडिसिन विभागाचा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. अक्कलकोटकडच्या खेड्यातला. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला पहिलाच, त्यामुळं त्याची आई काशम्मा गावभर सांगत फिरे, की माझा मुलगा मोठ्या दवाखान्यात माणसं वाचवतो. तिला कोण सांगणार, की माणसं वाचवायला तो सकाळपासून फक्त हातमोजे शोधतोय. कधी हातमोजे, कधी सलाईनची नळी, कधी साधा चिकटपट्टीचा रोळ. इतकी वर्षं घासून अभ्यास केला आणि शेवटी पोरगा तरबेज कशात झाला, तर उसनवारीत.

भांडारात विचारायला जावं, तर तिथलं उत्तर ठरलेलं. "मागणी गेलीय, सर. वरून आलं की देतो." हे 'वर' म्हणजे नक्की कुठं, ते दोन वर्षांत त्याला कळलं नव्हतं. वरून वेळेवर यायची ती फक्त परिपत्रकं. गेल्याच महिन्यात एक आलं होतं, की रुग्णांच्या नातेवाइकांना बाहेरून औषधं आणायला सांगू नये. चांगलं होतं परिपत्रक. त्याच्यासोबत औषधंही आली असती, तर त्यानं ते फ्रेम करून भिंतीला लावलं असतं. मग काय, डॉक्टर सहीशिवायच्या चिटोऱ्यावर औषधाचं नाव लिहायचे आणि चोरून विडी द्यावी तसं ते नातेवाइकाच्या हातात सरकवायचे.

अशा दवाखान्यात माणसांनीच आपली एक रीत पाडली होती. घरी जाणारा पेशंट आपलं उरलंसुरलं मागं ठेवून जायचा. अर्धी कापसाची गुंडाळी, दोन सलाईनच्या बाटल्या, चार सुया, कुणाची महागडी इंजेक्शनं. ज्याला लागेल त्या शेजाऱ्याला ती मिळायची. डिस्चार्जचा कागद देताना प्रभुलिंग हसून म्हणायचा, "उरलेलं तेवढं जाताना ठेवून जा बरं का." आणि लोकही आनंदानं ठेवायचे, पेढे वाटावेत तसे. दिवसातून कितीदा तरी हे वाक्य त्याच्या तोंडून जाई. जिभेला वळणच पडलं होतं.

एक मात्र होतं. जो मेला, त्याचं कुणी घेत नसे आणि त्याचे घरचेही कुणाला देत नसत. मेलेल्याच्या नावानं आणलेलं औषध जित्या माणसाच्या अंगात घालायचं म्हणजे त्याला त्याच वाटेनं धाडण्यासारखं, अशी समजूत. ती पिशवी घरी नेऊन पुरायची, नाहीतर कचऱ्यात.

त्या दिवशी सकाळी आयसीयूत दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. एकीवर माढ्याकडचे हिंदुराव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म काढलेला, उंच, हाडापेराचा माणूस. दुसरीवर रुक्साना. वीस-बावीस वर्षांची, तान्हं बाळ घरी ठेवून आलेली. दोघांच्या फुप्फुसांत एकच जंतू शिरलेला आणि दोघांना एकच इंजेक्शन लागू पडत होतं. भांडारात ते नव्हतं. हिंदुरावांचा मुलगा कुंडलिक चिंचोळी एमआयडीसीत कामाला. त्यानं बाहेरून पुढच्या दिवसांचीसुद्धा इंजेक्शनं आणून ठेवली होती. पांढरी पिशवी खाटेच्या दांडीला अडकवलेली होती. रुक्सानाचे वडील खाजाभाई रिक्षा चालवायचे. त्यांनी आणलेलं कालच संपलं होतं. "शाम तक कुछ तो भी करतूं, डॉक्टरसाब," असं म्हणून ते सकाळीच बाहेर पडले होते. पण संध्याकाळपर्यंत थांबायला तिचा ताप तयार नव्हता. श्वास वाढत चालला होता. दुपारच्या आत इंजेक्शन गेलं नाही, तर तिला व्हेंटिलेटर लागणार होतं, आणि मोकळं व्हेंटिलेटर एकही नव्हतं.

तेवढ्यात हिंदुरावांचंच बीपी कोसळलं. बीपी चढवायचं इंजेक्शन, अर्थातच, शिल्लक नव्हतं. प्रभुलिंगनं चिटोरं खरडलं आणि कुंडलिकला पळवलं. बाप इकडं जातोय आणि मुलगा तिकडं औषधाच्या दुकानात रांगेत उभा, हे या दवाखान्याचं नेहमीचंच चित्र. प्रभुलिंगनं छाती दाबली. दाबतच राहिला, घाम हिंदुरावांच्या अंगावर ठिबकेपर्यंत. पण म्हातारा परत आला नाही.

मृत्यू जाहीर करायचा तर ईसीजीची सरळ रेघ कागदावर काढावी लागते. ती काढल्याशिवाय माणूस मेला असं लिहिता येत नाही.

"सिस्टर, ईसीजी मशीन."

"मशीन आहे, सर. कागद संपलाय."

"म्हणजे या दवाखान्यात जगायला तर जगायला, मरायलासुद्धा सामान नाही?"

 महेश्वरी सिस्टरनी हिंदुरावांच्या अंगावर चादर ओढली, पण चेहरा उघडाच ठेवला. "मी त्यांच्या बाईला बघते," त्या म्हणाल्या. "पाणी भरायला गेलीय."

प्रभुलिंग दोन मजले उतरून अपघात विभागात गेला, तिथल्या डॉक्टरच्या हातापाया पडून कागदाचा रोळ मिळवला आणि धापा टाकत वर निघाला. डोक्यात रुक्सानाचा श्वास घोंघावत होता. त्या दांडीवरची पांढरी पिशवी डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि जिन्याच्या वळणावर समोर कुंडलिक आला. हातात औषधाची पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला.

सिस्टरनी फोन करून सांगितलं असेल, असं प्रभुलिंगनं गृहीत धरलं. आणि जिभेला जे वळण होतं तेच बाहेर पडलं.

"कुंडलिक, तुमच्याकडची उरलेली इंजेक्शनं जाताना ठेवून जा. शेजारच्या बाईला फार गरज आहे."

कुंडलिक थांबला. मग त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "जाताना? म्हंजी सोडताय व्हय आबाला? उतार पडला?" त्यानं हातातली पिशवी वर केली. "मंग ह्ये बी ठिवतो की, डाक्टर. आता ह्येचं काय काम?"

प्रभुलिंगच्या पायाखालची पायरीच सरकली. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं आणि आता ते परत घेता येणार नव्हतं.

"कुंडलिक," तो म्हणाला, "आबा गेले. आत्ताच. मला वाटलं तुम्हाला कळलंय."

ते हसू कुंडलिकच्या तोंडावर उगाच थोडा वेळ राहिलं. मग त्यानं हातातली पिशवी जिन्यावर आपटली. काचा फुटल्या. त्यानं प्रभुलिंगचा अॅप्रन गळ्याशी धरून त्याला भिंतीला टेकवलं.

"माजा बाप मेला न् तुमाला त्येची इंजेक्शनं पायजेत? माणूस हाय का कोन तू?"

लोक जमले. सुरक्षारक्षक नेहमीप्रमाणं चहाला गेलेला. प्रभुलिंगला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप, आणि तोही कुंडलिकवरचा नव्हे.

"मारा," तो ओरडला. "मारा की! मला काय हौस आलीय का? सकाळपासून हातमोजे मागतोय, कागद मागतोय, आता तुमच्या बापाचं औषध मागतोय! भिकाऱ्यालासुद्धा एक वेळ ठरलेली असते हो, मला तीही नाही! ती पोरगी वर धापा टाकतेय आणि माझ्याकडं तिला द्यायला काही नाही, काहीच नाही!"

त्याचा आवाज फाटला. कुंडलिकचा हात सैल पडला. प्रभुलिंग खाली बसला आणि काचांतून न फुटलेल्या कुप्या एकेक वेचायला लागला. कुणाला तरी लागतीलच. बोट कापलं, रक्त आलं, तरी तो वेचत राहिला. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुंडलिक त्याच्याकडं बघत भिंतीला टेकून उभा राहिला, मग तोंडावर हात घेऊन हुंदके द्यायला लागला.

दोघं वर आले तेव्हा कुंडलिकची आई, गोजरबाई, नवऱ्याच्या उशाशी उभी होती. सिस्टरनी सांगितलं होतं तिला. ती रडत नव्हती. डोळे कोरडे, तोंड घट्ट मिटलेलं. कुंडलिक कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला.

सिस्टरनी प्रभुलिंगला बाजूला घेतलं. "सर, त्यांचं लक्ष नाही. मी पिशवी काढून घेते. पिशवीवरचा खाट नंबर पुसून टाकला की झालं. रुक्सानाला कळणार पण नाही."

शेजारून रुक्सानाच्या श्वासाचा खरखर आवाज येत होता. प्रभुलिंगनं पिशवीकडं पाहिलं. हात लांब केला असता तर पोचला असता.

"नाही," तो म्हणाला. "आधीच एक घाण करून ठेवलीय मी. आता त्यांच्या डोळ्यांदेखत चोरी नको."

तो गोजरबाईपुढं गेला. "मावशी, तुमच्या मुलाला मी फार वाईट पद्धतीनं सांगितलं. चुकलं माझं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. या पिशवीतलं औषध त्या पोरीला देऊ का? नाही म्हणालात तर परत विचारणार नाही."

गोजरबाईनं रुक्सानाकडं पाहिलं. 

"लेकरू हाय न्हवं तिला? ल्हान?"

"हो."

"मंग कसं देऊ, डाक्टर? मेल्या माणसाच्या नावचं हाय त्ये. दिलं न् तिचं काय इपरीत झालं, तर त्ये पाप कुनाच्या माथी? माजं मन धजत न्हाय."

कुंडलिक कोपऱ्यातून पुटपुटला, "आये, दे की. काय हुतंय."

"तू गप. तुला काय कळतंय."

रागानं नाही म्हणाली असती तर प्रभुलिंगला समजलं असतं. ही तर त्या पोरीच्या काळजीनं नाही म्हणत होती. यावर शिकलेल्या माणसानं काय बोलायचं?  तो खिशातून कागदाचा रोळ काढून मशीनमध्ये बसवायला लागला.

"त्ये काय?" गोजरबाईनं विचारलं.

"पट्टी काढायची राहिलीय, मावशी. कागद नव्हता. ती निघाल्याशिवाय आम्हाला गेले असं लिहिता येत नाही." मग तिला उगीच आशा लागू नये म्हणून त्यानं घाईनं सांगितलं, "पण मी खोटं बोलणार नाही. आबा गेलेत."

"त्ये कळतंय मला. बेचाळीस वर्सं नांदलेय, हात हातात घेतला की कळतंय." तिनं मशीनकडं बोट केलं. "पर सरकारात अजून मेलं न्हाईत, आसंच न्हवं?"

"नाही. सरकारात अजून नाहीत."

गोजरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दांडीची पिशवी काढली. हिंदुरावांचा उजवा हात चादरीतून बाहेर घेतला, त्या पालथ्या पडलेल्या तळव्यात पिशवीचे बंद अडकवले आणि त्यांची बोटं आपल्या मुठीत धरून मिटली. "तुमच्या हातानं द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "कुनाचं वजन कदी कमी केलं न्हाईत. ह्ये बी पुरतं द्या."

दोन खाटांमध्ये हातभर अंतर. तिनं तो हात तसाच, आपल्या हाताच्या आधारानं, पलीकडं नेला. रुक्सानानं डोळे उघडले होते. मास्कच्या आतून ती सगळं बघत होती. तिनं सुई टोचलेला हात कसाबसा उचलला आणि पिशवी घेतली.

"घे बाय," गोजरबाई म्हणाली. "आमच्या मालकानं दिलंय. बरी होऊन लेकराकडं जा."

रुक्सानाला बोलता येत नव्हतं. तिनं हात कपाळापर्यंत नेला.

महेश्वरी सिस्टरनी कुपी फोडायला घेतली आणि पाठ वळवून हातरुमालानं डोळे पुसले. प्रभुलिंगनं स्वतः इंजेक्शन भरलं आणि सावकाश, एकेक थेंब मोजल्यासारखं, रुक्सानाच्या शिरेत सोडलं. कापलेल्या बोटाचं रक्त सिरिंजला लागत होतं. तोपर्यंत गोजरबाई हिंदुरावांचा हात पुन्हा चादरीखाली घेऊन, ताठ उभी होती. 

इंजेक्शन संपलं. प्रभुलिंगनं मान हलवली.

"गेलं समदं तिच्या अंगात?"

"गेलं, मावशी."

"मंग काडा तुमची पट्टी."

त्यानं हिंदुरावांच्या छातीवर, हातापायांवर तारा लावल्या आणि बटण दाबलं. कागद सरसरत बाहेर यायला लागला. गोजरबाईनं त्या रेघेकडं पाहिलं. मग तिनं इतका वेळ घशात धरून ठेवलेला हंबरडा फोडला.