पिवळा डबा

तिनं जेवणाची ताटं बाजूला सारली आणि बाळाच्या दुधाच्या पावडरचे तीन रिकामे डबे टेबलावर मांडले. निळा, हिरवा, पिवळा. कंपन्या तीन, पण वर्षभरात तीनदा किंमत वाढली ती तिन्हींची, एकाच आठवड्यात आणि अगदी सारखी.

"हे ठरवून चाललंय," ती म्हणाली.

नवऱ्यानं जेवायला आलेल्या आपल्या बहिणीकडे बघून डोळा मिचकावला. सासूबाई म्हणाल्या, बाळापायी झोप झाली नाही की डोक्यात असलं काहीबाही येतं. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातला कारकूनही असाच हसला होता: अहो बाई, कंपन्या एकमेकींचे गळे कापतात, गळ्यात गळे घालत नाहीत.

नणंद निळ्या डब्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. दूध महागलं, पत्रा महागला, डिझेल महागलं, मग सगळेच भाव वाढवणार, असं तिनं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं.

"उद्या म्हणशील, सूर्यालासुद्धा आम्हीच मीटिंग घेऊन उगवायला लावतो."

सगळे हसले. ती हसली नाही. बाळाला पिवळाच सोसायचा, बाकी दोन्हींनी अंगभर चट्टे उठायचे. गेल्या महिन्यात डबा पुरवायला तिनं दोनदा चमचा अर्धाच भरला होता. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

निघताना नणंदेनं दारात चपला घातल्या, तिच्या कडेवरच्या बाळाचा पाय कुरवाळला आणि आवाज खाली आणला.

"ऐक. याला पिवळाच लागतो ना? उद्याच चार डबे घेऊन ठेव. सोमवारी आमचा वाढतोय, बुधवारी पिवळा. पस्तीसनं."

"पिवळा तुमचा नाही, ताई."

नणंदेचा हात बाळाच्या पायावर तसाच राहिला.

मागं येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं.

"बघ, किती जीव आहे ताईचा," तो म्हणाला. "आणि तू तिलाच बोलत होतीस. चार कशाला, सहा आणतो."

तिनं बाळ त्याच्याकडे दिलं. दाराला आतून कडी घातली आणि कडीवरचा हात काढला नाही.

"बुधवार तुम्हाला कोणी सांगितला, ते यांना सांगा," ती म्हणाली. "बसा, ताई. चपला राहू देत पायात."