उधारीची चौकशी

लातूरचा जिल्हा झाला आणि आमच्या घरी पंखा आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते माझ्या नवऱ्यालाच ठाऊक. साहेबराव रेकॉर्ड विभागात कारकून. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं आले, ते उतरवून घेणाऱ्यांत हे होते. त्या दिवसापासून नवा जिल्हा स्वतःच्या खांद्यावरून आणल्याच्या थाटात वागायला लागले. जिल्ह्याच्या गावात राहायचं तर नीट राहावं, असं म्हणून आधी पंखा आला, मग लोखंडी कपाट, मग दोन सफारी. सगळं उधारीवर, आणि दर वेळी वेगळ्या दुकानातून, कारण एकाच दुकानात दोनदा उधारी मागायची ह्यांना लाज वाटायची.

त्यात पावसानं पाठ फिरवली. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या, तसे दीर, जाऊ आणि त्यांची चार लेकरं आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. त्याचं मला काही वाटलं नाही. जाऊ कामाला वाघ होती, आणि रात्री सगळे अंगणात आडवे झाले की हसून हसून पोट दुखायचं. पण खाणारी तोंडं वाढली, तशी संगप्पाच्या किराणा दुकानातली उधारीही फुगली. मग साहेबराव बाजारातून चोरासारखे चालायला लागले. बाजारातल्या गंजगोलाईच्या चौकाला सोळा रस्ते मिळतात हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. त्यातला कोणता रस्ता कोणत्या वेळी चालण्याजोगा आहे, हे मात्र एकट्या आमच्या माणसाला माहीत होतं.

शेवटी मीच केरबाकाकांना बोलावलं. काका एका पतसंस्थेचे सचिव होते, आता निवृत्त होऊन आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांनी चहा पीत पीत पाच दुकानांचं सगळं देणं वदवून घेतलं. बेरीज चार हजार आठशेवर गेली तेव्हा साहेबरावांनी वर पंख्याकडं असं पाहिलं, जणू ती उधारी त्यानंच केली होती.

काकांचा तोडगा सरळ होता. पगाराच्या दिवशी ठरलेली एकच रक्कम काकांच्या हाती द्यायची, ते पाचही दुकानदारांना वाटे करून पोचवणार. नेमानं पैसे मिळतात म्हटल्यावर दुकानदार व्याज सोडतील आणि दोन वर्षांत सगळं फिटेल. तोवर नवी उधारी कुठंही करायची नाही. आणि सुरुवातीला साहेबरावांनी प्रत्येक दुकानात स्वतः उभं राहून सांगायचं, एकूण देणं किती आणि कुणाकुणाचं. हे ऐकल्याशिवाय दुकानदार व्याज सोडत नाही, असा काकांचा अनुभव होता.

मला तर तिथंच उठून काकांच्या पाया पडावंसं वाटलं. साहेबरावांनी हप्त्याला मान डोलावली, नवी उधारी बंद करायलाही कुरकुरत डोलावली, आणि शेवटच्या अटीला हात जोडले.

"काका, पगार कापा, जेवण कापा. पर बाजारात उभं राहून हे सांगणं माझ्यानं व्हायचं न्हाई. पंचशीलाचं ठरून राहिलंय."

तेही खोटं नव्हतं. भोकरच्या मारोतरावांचा मुलगा नांदेडला शाळेत मास्तर होता. तो पाहायला आला तेव्हा आमच्या लेकीनं, पंचशीलानं, त्याला सरळ विचारलं, लग्नानंतर बी.ए. पुरं करू देणार का. तो म्हणाला, फी मी भरतो, अभ्यास तुम्ही करा. तेव्हापासून पोरगी टँकरच्या रांगेतसुद्धा गुणगुणत उभी राहायची. पण आमच्याकडं मुलीकडचा व्यवहार कसा आहे, हे मुलाकडचे आधी बाजारात विचारून घेतात. मारोतराव येत्या रविवारी त्याच कामाला येणार होते. बाप गळ्यापर्यंत उधारीत आहे असं त्यांनी ऐकलं तर सोयरीक मोडलीच, असं साहेबरावांनी धरलं होतं. मी म्हटलं, आज ना उद्या कळणारच आहे. ते म्हणाले, उद्या कळू दे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, तर गडी आणखीच खुशीत दिसला.

आणि माझ्या माघारी त्यांनी काय करावं? पाचही दुकानांत जाऊन, पाव्हणे आले तर दोन शब्द बरे बोला, अशी विनवणी केली. पोरीच्या सोयरिकीत मोडता घालायचा नाही, हा तर बाजाराचा रिवाजच. ह्यांनी दोन शब्द मागितले, त्या भल्या माणसांनी पोतं भरून दिले.

रविवारी मारोतराव बाजार फिरून दुपारी आमच्या दारात आले. जय भीम झाला. पाणी दिलं तर अर्धा तांब्याच घेतला, बाकीचं परत करून म्हणाले, ठेवा, दिवस वाईट आहेत. हा माणूस तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होता. तिकीट न काढणाऱ्यांच्या नाना कथा ऐकून त्यांचे कान तयार झाले होते.

त्यांनी सांगितलं की पाच ठिकाणी विचारलं, पाचही जणांनी एकच सांगितलं. साहेबरावांसारखा माणूस लातुरात नाही, बाजारात एकाचाही रुपया देणं नाही. साहेबराव लाजून खाली बघायला लागले. मला वाटलं, आता सुपारी फुटणार.

"राग मानू नका, साहेबराव," मारोतराव हळूच म्हणाले. "पगार कारकुनाचा. घरात पाव्हणे सहा, साल दुष्काळाचं. वर पंखा, कोपऱ्यात कपाट, अंगात सफारी. आन् देणं कुणाचंच न्हाई. मंग हे येतं कुठून? समद्या जिल्ह्याच्या जमिनीची कागदं तुमच्या हाताखाली हायत. माझ्या पोराला वरकमाईच्या घरची सोयरीक नको."

आत पंचशीलाचं लाटणं थांबलं.

माझं डोकं सणकलं. ज्या माणसानं कुणाच्या कपभर चहालाही हात लावला नाही, एका शेतकऱ्यानं टेबलावर ठेवलेली बोरं परत करायला जो स्टँडपर्यंत पळत गेला, त्याला हे ऐकावं लागत होतं, आणि तो नुसता तोंड उघडून बसला होता. मी पदर खोचून बाहेर आले.

"आमच्या घरात वरकमाईचा रुपाया न्हाई," मी म्हटलं. "हाय ते समदं उधारीचं हाय."

मारोतराव उठून उभे राहिले. पोरीच्या आईला असं बोलावंच लागतं, एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. तेव्हा कुठं साहेबरावांच्या अंगात जीव आला. त्यांनी पायात चपला घातल्या, गल्लीतून केरबाकाकांना हाक मारली आणि मारोतरावांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. चला म्हणाले, दाखवतो. मीही निघाले. हा तमाशा मी थोडीच चुकवणार होते?

पहिलं दुकान बसलिंगप्पांचं, कापडाचं. साहेबरावांनी विचारलं, माझ्याकडं तुमचं किती येणं आहे. बसलिंगप्पांनी मारोतरावांकडं पाहून छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, छदाम नाही. साहेबराव म्हणाले, सफारीचं कापड घेतलं की हो. ते म्हणाले, आठवत नाही. देणारा देणं सांगतोय आणि घेणारा नाकारतोय, असं भांडण गंजगोलाईत त्याआधी कधी झालं नसावं. अखेर साहेबराव काकुळतीला आले.

"आप्पा, लेकीचं लगीन मोडून राहिलंय तुमच्या चांगुलपणानं. खरं बोला."

मग आप्पांनी खरं सांगितलं. साहेबरावांनी एकूण चार हजार आठशे, आणि कुणाकुणाचे, ते सगळं मोठ्यानं सांगून टाकलं. काकांनी लगेच हप्त्याची गोष्ट काढली. आप्पा व्याज सोडतो म्हणाले. पंखेवाल्या गुरुपादप्पांनी तीन महिन्यांचं व्याज धरून ठेवायला पाहिलं, पण काकांपुढं त्यांची डाळ शिजली नाही. चौथ्या दुकानापर्यंत साहेबरावांचा आवाज असा खुलला की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली. मला वाटलं होतं, लाजेनं जमिनीत गडप व्हावंसं होईल. उलट मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की तेवढा लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

मारोतराव सगळीकडं मागं हात बांधून उभे होते. त्यांच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावरून कळेना.

शेवटी संगप्पांचं किराणा दुकान. तिथलं देणं सगळ्यात मोठं. संगप्पांनी सगळं ऐकून घेतलं, व्याज तर सोडलंच, वर ढेपेतून गुळाचा खडा फोडून कागदात बांधला आणि साहेबरावांपुढं धरला.

"पोरीसाठी न्या. नावावर मांडतो, सावकाश द्या."

साहेबरावांचा हात सवयीनं अर्धा पुढं गेला. तिथंच थांबला, आणि मागं आला.

"न्हाई संगप्पा. आजपासून उधारी बंद."

खिसे चाचपले तर सफारीत दातावर मारायलाही पैसा नव्हता. मारोतरावांनी मागे बांधलेले हात सोडले, खिशातून नाणी काढून फळीवर ठेवली आणि पुडी उचलून साहेबरावांच्या हातात दिली.

"रोखीचा हाय, इवाई," ते म्हणाले. "चला, पोरीचं तोंड गोड करू."

इवाई म्हणजे व्याही. एका शब्दात सोयरीक झाली, आणि मी भर बाजारात पदर तोंडाला लावून रडले.