अंतराची जोडी

"आठवीतनं शाळा सोडलेलं पोरगं आमच्या लेकरांना काय शिकवणार, पाळकसाहेब? आधी ह्यालाच कुणीतरी शिकवा की."

संयोगिता मॅडम हे विश्वजितच्या तोंडावर म्हणाल्या, चर्चमागच्या हॉलमधी, सगळ्या पोरांच्या देखत. बाई इंग्लिश मीडियमला शिकवायच्या आणि ते कुणाला विसरू द्यायच्या न्हाईत.

"शिकवतोय की दीड वर्ष," विश्वजित म्हणाला. "तवा तुम्ही कुठं गेलता?"

"बघा ह्याची भाषा. मागच्या रविवारी पोरांसमोर शिवी दिली ह्यानं."

दिलती, खरं होतं. आठवडाभर उद्यमनगरात केरबा मिस्त्रीच्या गॅरेजात राबायचं, आणि रविवारी सकाळी जीभ धुतल्यागत चर्चला यायचं, ते काय जमत नव्हतं.

भांडण संडे स्कूलचं होतं. पोरं मूठभर, अंतरा नावाच्या साडेतीन वर्षांच्या पोरीपासनं नववीतल्या रूथपर्यंत, आणि हॉल एकच. विश्वजितनं जोड्या लावलेल्या. एका बारक्याला एक मोठं. गोष्ट मोठ्याला सांगायची, मोठ्यानं ती बारक्याला सांगायची, आणि बारक्यानं उठून सगळ्यांना. बारकं अडलं की मोठ्यानं अर्धं वचन म्हणायचं, उरलेलं बारक्यानं. कालवा मंडईसारखा व्हायचा, पण पोरं न चुकता यायची. फक्त अंतराला जोडी लागंना, कारण ती चावायची. म्हणून तिला विश्वजितच मांडीवर घेऊन बसायचा. त्याच्या मनगटावर तिच्या दातांचे वण होते.

"चार वर्षांचं आणि चौदा वर्षांचं एका जागी," मॅडम म्हणाल्या. "असं कुठं असतं?"

"घरात असतंय की."

"घर नाही हे. इयत्तेप्रमाणे रांगा पाहिजेत."

"मग मी कुठं बसू? आठवीच्या रांगंत जागा ठेवा माझी. अजून पास व्हायचोय."

पोरं फिदीफिदी हसली. मॅडमचं नाक लाल झालं.

पाळकसाहेबांनी दोघांच्या मधी हात पसरले. माणूस एवढा गोड, की जन्मात कुणाला न्हाय म्हणाला नसंल. विश्वजितच्या डोक्यात त्यांची तीच गोष्ट सगळ्यात जास्त जायची. "असं करू," ते म्हणाले, "आज बाल रविवार आहे. वचनांची तयारी मॅडमकडं होतीच, आज मुलंही त्याच घेतील. मंडळी बघतील. मग वर्ग कुणाचा ते ठरवू."

विश्वजित चर्चमधी जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसला. दीड वर्षांचा वर्ग, आणि आता एका उपासनेत निकाल.

बाल रविवारी दर पोरानं पुढं येऊन मंडळीसमोर एक वचन तोंडपाठ म्हणायचं, ही रीत. मॅडमनी कोण काय म्हणणार ते बघितलंच नव्हतं. ग्रुपवर आयांना मेसेज टाकला, 'पाल्याकडून आवडीचे एक वचन पाठ करून घ्यावे', आणि मोकळ्या. शनिवारी रात्री भाकऱ्या थापत आयांना कुठलं वचन आवडणार? अख्ख्या बायबलातलं सगळ्यात आखूड. येशूच्या रडण्याचं, दोन शब्दांत संपणारं.

पहिल्या पोरानं ते म्हटलं. मंडळी म्हणाली, आमेन. दुसऱ्या पोरीनं तेच म्हटलं. आमेन जरा बारीक आलं. तिसऱ्यानं तेच. चौथ्यानं तर रांगेत चालता चालताच उरकून टाकलं. पेटीवाल्या पिराजीमामांनी रुमालात तोंड घातलं, त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. मॅडम पुढं उभ्या राहून हसतमुख दिसायचा प्रयत्न करत होत्या, पण ते चेहऱ्याला झेपत नव्हतं. विश्वजितला उपासनेत इतकं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं. येऊ दे, अजून एक तेच येऊ दे.

मग सौमित्र आला. पाच वर्षांचा, चार माणसं दिसली की वाचा बसणारा. त्याच्याकडनं आज्जीनं मेंढपाळाचं वचन घोकून घेतलेलं, चांगलं लांबलचक, सकाळीच त्यानं ते विश्वजितला म्हणून दाखवलेलं. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला न्हाय.

"बोल ना बेटा, लाऊडली," मॅडम वाकून म्हणाल्या.

सौमित्रनं त्याच्या जोडीदारणीला शोधलं. रूथ लांब, मॅडमनी लावलेल्या नववीच्या रांगंत, खिडकीकडंला. ती उठली. मॅडमनी बोट दाखवून तिला खाली बसवलं. मग पोरानं मागच्या बाकाकडं बघितलं.

विश्वजित हाताची घडी घालून बसलेला. पडू दे, म्हणत होता मनात, चांगलं तोंडावर पडू दे बाईला. तेवढ्यात त्याला दिसलं, सौमित्रची हनुवटी थरथरायला लागलीय आणि एका हातानं त्यानं चड्डी गच्च धरलीय. बाई कुठं पडत होती? ती तर टिपटॉप उभी होती. पडत होतं ते पोरगं.

तोंडात आलेली शिवी गिळून विश्वजित उभा राहिला, आणि गॅरेजातल्या लेथ मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या गळ्यानं त्यानं अर्धं वचन म्हटलं. सगळी मंडळी दचकून मागं वळली. सौमित्रनं श्वास घेतला आणि उरलेलं अर्धं डोळे मिटून इतक्या जोरात म्हटलं की पिराजीमामांचा रुमाल खाली पडला.

आमेन चांगलं दणदणीत झालं.

उपासना सुटल्यावर मॅडमनी त्याला पायऱ्यांवर गाठलं. "मधेच ओरडायची काय गरज होती? मी म्हणवून घेतलंच असतं."

"घेतलं असतं की. नाताळापर्यंत."

"पुरे," पाळकसाहेब मागनं आले. "वर्ग तुझ्याकडंच राहू दे, विश्वजित. जोड्याही राहू देत. पण मॅडमनाही बरोबर घे. आणि शिव्या बंद."

म्हणजे परत दोघांनाही गोड. मॅडम पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. "बरोबर घे म्हणजे मी नक्की काय करायचं?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच बाई विचारत होती, सांगत नव्हती.

खिशात फोन थरथरला. केरबा मिस्त्री. पायाला अंतरा लोंबकळत होती. विश्वजितनं तिला उचललं आणि मॅडमच्या कडेवर दिलं, पर्सच्या वर.

"हिला जोडी लागत नव्हती. आता लागली."

"अरे, पण ही तर..."

"चावती, व्हय. मिस्त्री बोंबलतोय, मला आता जायला पायजे."