सूर्य अर्धा तास थांबला त्याची गोष्ट

"अण्णा, कुणाचा इस्वास बसणार न्हाई, पण काल सांगलीत सूर्य अर्धा तास मावळायचा थांबला हुता!"

एवढं बोलून आकारामतात्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. समोर झोपाळ्यावर जवाहरअण्णा मोबाइल धरून बसले होते. मोबाइलात फोटो होता. त्यांचा नातू आर्जव रंगमंचावर बसलाय, आ वासलाय आणि हातातला लाडू ओठाला टेकलाय. फोटोवर वेळ होती सात वीस.

अण्णांच्या घरात चातुर्मासात दिवस मावळल्यावर कुणी पाण्याचा थेंबही घेत नसे. यंदा आर्जवनं आपण होऊन तो नियम घेतला होता.

"सुभेदार, मला एवढंच सांगा. पोरानं खाल्लं का न्हाई? खाल्लं असलं तर नाटक आजपासनं बंद. त्याचंबी आन् शाळेचंबी. शाळा समितीचा अध्यक्ष हाय मी."

फौजेतनं सुभेदार होऊन परत आल्यापासून कुंडलच्या हायस्कुलात तात्या पोरांची नाटकं बसवत होते. चिक्कू सासरा आणि खादाड जावई, हे पार आज्याच्या काळातलं नाटक, पण जावई झालेल्या आर्जवनं त्यात असा जीव ओतला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या स्पर्धेत परीक्षकांनी डोळे पुसले, हसून. आता राज्याची फेरी होती.

तालमी सगळ्या दुपारी चार वाजता. त्यामुळं नियमाची आठवण कुणालाच झाली नाही, तात्यांना तर नाहीच नाही. स्पर्धेत आधीच्या शाळांनी उशीर केला आणि यांचा पडदा उघडला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो लाडू शाडूचा होता. नाटकगृहाजवळच्या गणपतीच्या कारखान्यातनं मूठभर माती आणून तात्यांनीच वळलेला, पिवळा रंग दिलेला. आर्जव तो ओठाला टेकवायचा आणि उपरण्यात सोडायचा. पण मग हरणाबाईंनी, म्हणजे आर्जवच्या आजीनं, नाटकासाठी साजूक तुपात वळून दिलेले नऊ लाडू कुठं गेले, असा सवाल आला असता. ते पलूसपासून सांगलीपर्यंत एसटीच्या मागच्या बाकावर एकेक करून तात्यांच्या पोटात गेले होते. डॉक्टरनं साखरेचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलेल्या पोटात! आर्जवला ते ठाऊक होतं, पण त्यानं शब्द दिला होता. घरी विचारलं की पोरगं एकच म्हणे, "तात्यांना विचारा."

मग सूर्यालाच थांबवणं भाग होतं.

"थांबला म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"मोबाइलच्या टॉवरला अडकला! माझ्या डोळ्यांनी बघितला. कावळं घरट्यात गेल्यालं, ती परत भाईर आली. एक बाई दिवा लावाय बसलेली, तिनं काडी इझवली. नाटकगृहाच्या शिपायानं घड्याळ दोनदा हलवून बघितलं. मी म्हटलं, आर्जवा, ऊन हाय तवर आटप गड्या!"

"आन् मला कसं कुणी सांगितलं न्हाई?"

"कोण सांगणार? सगळी नाटक बघत हुती!"

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू की राग, तात्यांना कळेना. तेवढ्यात हरणाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आवं सुभेदार, लाडू कसं झालं हुतं ते तर सांगा. पोरगं कायच बोलंना."

तात्या खुलले. आता गाडी उताराला लागली होती.

"काय सांगू वयनी! नवच्या नव संपवलं पठ्ठ्यानं. तूप असं बोटावर वघळायचं. वेलदोडा टाळूला चढायचा. नुसतं बघून परीक्षकांच्या तोंडाला पाणी. आता एक सांगतो, राग मानू नका. वरचं सहा एक नंबर. खालच्या तिनांत तेवढा बेदाणा न्हवता."

हरणाबाई जागच्या जागी थांबल्या. झोपाळ्याची कडी कुरकुरायची बंद झाली.

"तासगावचा बेदाणा संपला म्हणून शेवटच्या तिनांत मी घातलाच न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "वरनं बघून त्ये कळत न्हाई, सुभेदार. फोडल्याबिगर कळत न्हाई."

"आर्जव म्हणाला की मला—"

"आर्जव? त्यो तर कायच बोलंना म्हणून तुमाला इचारतीया!" हरणाबाईंनी अण्णांच्या हातातला मोबाइल काढून झोपाळ्यावर पालथा घातला. "आवं, नातवाचा नियम शाबूत हाय तुमच्या. जाऊ द्या त्याला पुढच्या फेरीला. आन् तुमी, सुभेदार, सूर्य सोडा आता टॉवरचा! धादांत खोटं बोलताय. माझं नव लाडू तुमी खाल्लं!"