चढावर मी मागे घसरले

मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे, मित्रांनो. वय वर्षं बावीस. माणसांमध्ये हे ऐन उमेदीचं वय, पण आमच्यात एवढं वय झालं की आजीबाईच म्हणायचं. बॉनेटवरचा रंग उडाला आहे, मागच्या सीटची शिवण उसवली आहे, आणि दारांच्या कडांना गंज चढला आहे. गंजाबद्दल माझी तक्रार नाही. तो पाण्याने येतो आणि पाणी कोणाशी नातं सांगत नाही. मला जे लागलं ते नात्यातल्या माणसाच्या हातून लागलं.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो बहिणींच्या रांगेत मी उभी राहिले, कोणी चाकं बसवली, कोणी काचा बसवल्या, आणि एक दिवस एका उंच, जाड मिशांच्या माणसाने माझ्या टपावर थाप मारून म्हटलं, "हीच." तेच माझे बाबा. खरं म्हणजे ते ताईचे बाबा, पण घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

बाबा प्रवासी बस चालवत. डेपोत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. नोकरीच्या पस्तीस वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा गेला नव्हता. दिवसभर एवढी मोठी बस हाकून आल्यावरसुद्धा ते संध्याकाळी माझ्याभोवती एक चक्कर मारत. टायर दाबून बघत, तेलाची पट्टी उपसून बघत. सुट्टीच्या दिवशी मला धूत आणि आई दारातून ओरडायची, "अहो, एवढं लाडाने कधी मला विचारलंत का?" बाबा म्हणायचे, "तू कुठे पेट्रोलवर चालतेस?" आई हसत आत जायची.

अठरा वर्षं मला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. बल्ब बदलायचा तरी बाबाच बदलत. बाबांच्या हाती मी डोळे मिटून असायचे. हे लक्षात असू द्या.

मी घरी आले तेव्हा ताई अकरा वर्षांची होती. तिला शाळेत सोडायला मी, क्लासला सोडायला मी, नर्सिंगच्या परीक्षेला मी. आईला दवाखान्यात नेलं तेही मीच. येताना मागची सीट रिकामी होती. त्यानंतर बाबा घरात कमी बोलू लागले आणि ताईची मात्र आणखीच काळजी घेऊ लागले. ती कामावरून सुटायच्या अर्धा तास आधीच आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी हजर. ती म्हणायची, "बाबा, चार स्टॉप तर आहेत, बसने आले असते ना." बाबा म्हणायचे, "बसचं मला नको सांगूस. मी चालवली आहे."

मग ताईला नवी नोकरी मिळाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, औषधं बघायची. गाव दोन तासांवर होतं, राहायला खोली मिळणार होती. पहिले सहा महिने इथल्याच दवाखान्यात प्रशिक्षण. अट एकच. सहा महिन्यांच्या आत वाहन चालवण्याचा परवाना दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"शिकवाल ना, बाबा?" ताईने विचारलं. ती माझ्या दाराला टेकून उभी होती.

"मी नाही तर कोण?" बाबा म्हणाले. पण त्याआधी त्यांनी माझा स्वच्छ आरसा पुन्हा पुसला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शिकवण्यात त्यांनी काही कमी ठेवलं नाही, हेही मी सांगते. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात आम्ही रोज सकाळी जायचो. पहिल्या दिवशी ताईने मला एवढे हिसके दिले की मला उचकी लागली. पण पोरगी हुशार. महिन्याभरात तिने मला असं वळवलं की मीच सुखावले. आणि चढ! परीक्षेत चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुढे न्यायची असते. त्यासाठी बाबांनी तिला एक खूण शिकवली होती.

"हँडब्रेक ओढताना कान दे. टक, टक, टक. तीन झाले की गाडी धरली. हिला तीनच लागतात. जास्त ओढत बसशील तर सोडताना घोळ होईल."

"तीन म्हणजे तीन," ताई म्हणायची, आणि मी मैदानाच्या कडेच्या चढावर दगडासारखी उभी राहायचे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ताई अंघोळीला गेली होती. बाबा शेडमध्ये आले, माझ्यात बसले आणि हँडब्रेकच्या लिव्हरखालचं रबरी आवरण वर केलं. हातात दहा नंबरचा पाना होता. मला वाटलं, लेकीसाठी शेवटचा हात फिरवताहेत. मी निवांत होते. पण नट उलटा फिरत होता. एक वेढा, दोन, तीन, चार. माझी केबल सैल पडली. त्यांनी लिव्हर ओढून बघितली, ती ढिली, लगेच वर आली. मला वाटलं, चुकले, आता परत आवळतील. बाबा आणि चूक? त्यांनी आवरण नीट बसवलं, फडक्याने बोटांचे डाग पुसले आणि हाक मारली, "झालं का गं बाळ? उशीर होतोय!"

परवाना कार्यालयामागच्या चढावर ताईने मला थांबवलं. शेजारी परीक्षक बाई, मांडीवर कागद. ताईने कान दिला. टक, टक, टक. तीन. तिने ब्रेकवरचा पाय उचलला.

मी मागे घसरले. मित्रांनो, मला धरून राहायचं होतं. जीव तोडून धरलं असतं, पण ज्याने धरायचं ती केबलच सैल होती. ताईने घाबरून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. बाईंनी कागदावर फुली मारली.

येताना बाबांनी मला चालवलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"माझाच हात लटपटला, बाबा."

"असू दे गं. सगळ्यांनाच जमलं असतं तर मला नोकरी कोणी दिली असती?"

ती हसली. बाबाही हसले. त्याच दिवशी ती बाहेर गेल्यावर त्यांनी नट पुन्हा पहिल्यासारखा आवळला. दुसऱ्या सकाळी मैदानात तीन वेळा 'टक' होताच मी पुन्हा चढ धरून उभी, आणि ताई स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाली, "म्हणजे गाडी ठीक आहे. मीच कुचकामी."

मला ओरडावंसं वाटलं. पण आमचा भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

दोन महिन्यांनी दुसरी परीक्षा. पुन्हा ती सकाळ, तो पाना, ते चार वेढे. पुन्हा मी घसरले.

या वेळच्या घसरण्याने ताईचं नुसतं मन नाही मोडलं. ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती ते मी ऐकलं. "आता इंजेक्शन देताना पण मी आधी माझा हात बघते. थरथरतोय का, म्हणून." दहा वर्षं जिने बारीकातली बारीक शीर पहिल्या फटक्यात पकडली, ती स्वतःचा हात तपासत होती. बाबांनी तेही ऐकलं. ते शेडच्या दारातच उभे होते. ते आल्या पावली परत गेले.

पण दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी उतरता उतरता परीक्षक बाई ताईला एक वाक्य बोलून गेल्या होत्या. "लिव्हर किती सैल वाटते हो तुमची. दाखवून घ्या एकदा."

घरी तिने ते बाबांना सांगितलं, तर ते उसळले. "त्या बाईला काय कळतंय? माझी गाडी आहे ती!"

ताईला ते उसळणं खटकलं असावं. चार दिवसांनी बाबा पेन्शनच्या कामाला गेले तेव्हा ती स्वतःच मला मेकॅनिककडे घेऊन गेली. परवाना नव्हता, म्हणून शेजारच्या काकांना बाजूला बसवलं होतं. मेकॅनिक जाड चष्म्याचा, मितभाषी माणूस. त्याने आवरण वर केलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि बराच वेळ वाकून राहिला.

"ब्रेक एकदम टाइट आहे, ताई. केबलही चांगली."

"मग परीक्षेलाच का घसरते?"

"नटवर ताजे ओरखडे आहेत. कोणीतरी सारखं खालीवर केलंय याला. आवळलंय, ढिलं केलंय, परत आवळलंय."

"कोणी?"

"आता मी काय सांगू? या गाडीला उस्तादांशिवाय कोण हात..." त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

ताईने आवरण स्वतःच्या हाताने खाली बसवलं.

बाबा घरी आले तेव्हा ती शेडमध्ये माझ्या चालकाच्या सीटवर बसली होती. काच खाली होती. बाबांच्या हातात भाजीची पिशवी होती.

"बाबा, नट तुम्ही ढिला केलात?"

"कोण म्हणालं?"

"तुम्ही केलात का?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "तुला काही झालं नसतं. मी आदल्या दिवशी जाऊन बघितलं होतं. चढामागे सगळी मोकळी जागा आहे. भिंतसुद्धा लांब आहे."

"म्हणजे नीट विचार करून केलंत."

बाबांनी माझ्या टपावर हात ठेवला, नेहमीसारखा.

"तू गेल्यावर या घरात मी कोणाशी बोलायचं? तुझी आई गेली तेव्हापासून..."

"मग मला सांगायचं होतंत. थांब म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "पण ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला माझ्याच हाताची भीती घातलीत, बाबा. मी रोज तुमच्यापुढे रडत होते आणि तुम्ही मला पाणी आणून देत होतात."

ती खाली उतरली. दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिसरी परीक्षा तिने माझ्याबरोबर दिली नाही. दीड महिना उरला होता. ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, आठ दिवस त्यांच्या पांढऱ्या गाडीवर हात बसवला आणि पास झाली. परवाना घेऊन आली त्या दुपारी बाबा पायरीवर बसले होते. तिने तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. ताईला हा दिवस हवा होता, पण असा नको होता.

निघण्याच्या दिवशी बाबांनी माझी किल्ली पुढे केली. "ही घेऊन जा. तुझीच आहे. मी सगळं तपासून दिलंय."

ताईने किल्लीकडे बघितलं. "नको. हिच्यावर माझा आता विश्वास बसायचा नाही."

ती माझ्याबद्दल बोलली की बाबांबद्दल, मला कळलं नाही. बाबांनी ते माझ्याबद्दल आहे असं धरलं आणि किल्ली खिशात टाकली. तेवढ्यावर ते सुटले. मी अडकले. मित्रांनो, ज्याने माझ्याकरवी दगा केला त्याला माफी मागायची तरी सोय होती. मला ती सोयही नव्हती. ती गेली तेव्हा तिने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

याला चार वर्षं झाली. ताई महिन्यातून एकदा येते. स्वतः चालवत येते, नोकरीची गाडी रस्त्यावर लावते, बाबांची रक्तदाबाची औषधं आणते, जेवते, निघते. बोलणं गोड असतं. आधी तिच्या बोलण्यात भांडण असायचं, ते आता नसतं. बाबा शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतात, "डोंगरातल्या रस्त्यांवर गाडी चालवते माझी पोर. मीच शिकवली." आणि ते खरंही आहे. म्हणून तर जास्त लागतं.

बाबांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. मला कोणी बाहेर काढत नाही. टायरमधली हवा गेली आहे, सीटखाली उंदराने कापूस ओढून नेला आहे. पुढच्या आठवड्यात एक जोडपं मला विकत घ्यायला येणार आहे. बायकोला गाडी शिकायची आहे, नवरा शिकवणार आहे, असं बाबा फोनवर कोणाला तरी सांगत होते.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. माझं तेल बदललं नाहीत, मला धुतलं नाहीत, उन्हात उभी केलीत, तरी मी कुरकुर करणार नाही. आम्ही यंत्रं सांगितलेलं ऐकतो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. घरातलं कोणी काही शिकून लांब जाणार असेल आणि तुम्हाला एकटं पडायची भीती वाटली, तर त्याला समोर बसवून तसं सांगा. रडा हवं तर. पण ज्याला माझ्यात बसवून शिकवाल, त्याला खरं शिकवा.